मधला धुरा

बाबू आधी पिकात शिरला, गावात नंतर.

१९७१ सालचा मार्गशीर्ष. धान कापून झालं होतं, भारे खळ्यावर गेले होते आणि गोमाजीच्या मोठ्या बांधीत, धानाच्या खाचरात, नुसती धसकटं उरली होती. परक्या डोळ्याला तरी तसंच दिसलं असतं. गोमाजीचा थोरला, बारा वर्षांचा ताराचंद, धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, बसून बैलांकडं लक्ष ठेवत होता. तेवढ्यात राईस मिलचा नवा इंजन मिस्तरी काखेत एक कातडी चेंडू घेऊन आला. मागं मिलच्या हमालांची सात-आठ पोरं. मिस्तरीनं चपला धुऱ्यावर काढल्या, देवळाच्या पायरीवर काढाव्यात तशा एकमेकींना लावून ठेवल्या, आणि खाली उतरला.

ताराचंद ओरडला नाही. जे दिसत होतं ते इतकं अशक्य होतं की आधी त्याचा विश्वासच बसला नाही. मग तो घराकडं पळत सुटला.

धान उभं असतानाच बांधीतलं पाणी काढून ओल्या चिखलात लाखोरी फेकतात. धान कापेपर्यंत ती खाली उगवून आलेली असते, बोटभर, धसकटांच्या आडोशाला. आंधळगावातलं शेंबडं पोरही कापलेल्या बांधीत पाय टाकण्याआधी खाली बघतं. पण हा मिस्तरी, अनुकूल हालदार, खुलन्याला ज्यूट मिलच्या चाळीत वाढलेला. लाखोरी त्याला ताटात ओळखू येत होती, डाळ होऊन आली की. मातीत नाही.

गोमाजी काठी घेऊन आला तोवर निम्मी बांधी तुडवून झाली होती. पोरं पांगली. मिस्तरी चेंडू पायाखाली धरून उभा राहिला.

"खाली पाह्यलं नाही काय बे?"

मिस्तरीला शब्द कळले नाहीत, काठी कळली. ताराचंदनं वाकून एक कोंब उपटला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मिस्तरीनं तो कोंब बराच वेळ पाहिला. मग बांधीकडं पाहिलं. मग आपल्या पायांकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिलचं इंजन सुरू व्हायच्या आधी, तो उकिडवा बसून आडवा झालेला एकेक कोंब हातानं उभा करत होता आणि बुडाशी माती दाबत होता. असं कुणी करत नाही. लाखोरी अशी उठतही नाही. गोमाजीनं तीन दिवस लांबून पाहिलं. चौथ्या दिवशी जवळ जाऊन म्हणाला, राहू दे बाबू, मेलं ते मेलं.

पुढच्या आश्विनात त्यानं मोठ्या बांधीत लाखोरी फेकली नाही. बायकोनं, चंद्रभागाबाईनं, विचारलं की मग वर्षाची डाळ कुठून यायची. गोमाजी म्हणाला, पोरं खेलतीन. बस. यापलीकडं या गोष्टीवर त्या घरात कधी बोलणं झालं नाही.


१९७१ च्याच डिसेंबरात लढाई झाली

आणि बाबूच्या गावाला नव्या देशाचं नाव मिळालं. रेडिओवर ऐकून चिंधू न्हाव्यानं त्याला दाढी करता करता विचारलं, आता घरी जाशील ना? बाबू बोलायचा ती भाषा धड कुणाचीच नव्हती. अर्धी हिंदी, थोडी आंधळगावची, आणि सगळ्यावर बंगालीचा गोल हेल. तो म्हणाला की तो नऊ वर्षांचा असताना कुणीतरी कागदावर एक रेघ ओढली. तो आणखी सतरा वर्षं तिच्या पलीकडं राहिला, तिथल्या मिलच्या संघात खेळला, मग एका रात्रीत अलीकडं यावं लागलं. रायपूरजवळच्या निर्वासितांच्या माना कॅम्पात सात वर्षं काढली. देशाचं नाव बदललं असेल. रेघ तिथंच आहे.

चिंधूनं वस्तरा पुसला आणि दुसरा गाल धरला.


मोठी बांधी म्हणजे

दीड एकर. चारी बाजूंनी गुडघाभर उंच धुरे. पूर्ण अकरा माणसं तिच्यात मावत नसत, म्हणून सात-सात. गोल म्हणजे दोन-दोन बांबू. पाय अनवाणी. चेंडूला जवसाचं तेल, आतल्या ब्लॅडरला सायकलच्या दुकानातलं ठिगळ. चार वाजता मिलचं इंजन थांबलं की सव्वाचारला बाबू बांधीत. दिवाळीनंतर सुरू होणारा खेळ मृगाचं पाणी पडेपर्यंत चाले. पावसाळ्यात बांधी धानाची, बाबू मिलचा, आणि चेंडू मिलच्या खोलीत खुंटीला.

ताराचंद मागं खेळे, बॅक. त्याचा धाकटा भाऊ गोपीचंद पुढं. गोपीचंदनं धुऱ्याची एक चाल बसवली होती. समोर माणूस आला की चेंडू तिरपा धुऱ्यावर मारायचा, आपण माणसाच्या दुसऱ्या बाजूनं पळायचं, आणि धुऱ्यावरून परत आलेला चेंडू पुढं जाऊन घ्यायचा. धुरा त्यांचा आठवा खेळाडू होता. तो कधी थकत नसे, कधी चुकत नसे.

१९७६ साली भंडाऱ्याला सामने भरले. बाबूनं अकरा पोरं जमवली आणि एस.टी.नं घेऊन गेला. मोठं मैदान, चुन्याच्या पांढऱ्या रेघा, बाजूला भांड्यांच्या दुकानांतून उठून आलेली माणसं. नवव्या मिनिटाला समोर माणूस आला. गोपीचंदनं चेंडू तिरपा कडेला मारला, दुसऱ्या बाजूनं पंधरा पावलं पळाला, वळून उभा राहिला

आणि चेंडू परत आला नाही.

तो रेघ ओलांडून गेला, पानठेल्याजवळून गेला, एका ऑटोरिक्षाखाली जाऊन थांबला. गोपीचंद वाट पाहत होता. आधी एक माणूस हसला, मग कडेची सगळी. एकदा झालं असतं तर विसरलं गेलं असतं, पण पायांना सवय होती. चार वेळा झालं. चौथ्या वेळी कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, अबे, वापस नाही येत तो.

सहा गोलांनी हरले.  परतीच्या एस.टी.त, मोहाडी मागं पडल्यावर, बाबू म्हणाला, चूक त्याची स्वतःची आहे. जिथं काही हरवतच नाही अशा जागेत त्यानं पोरांना वाढवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मिलच्या भिंतीसाठी आणलेला चुना मागून घेतला आणि बांधीत चारी बाजूंनी, धुऱ्यापासून दोन हात आत, रेघ ओढली. आता रेघेबाहेर गेलेला चेंडू गेला. धुऱ्यावरून परत आला तरी गेला. गोपीचंदला ते पटायला एक अख्खा उन्हाळा लागला.

पण गेला तो कुणामुळं गेला, हे कोण सांगणार? बांधीत रेफरी नव्हता. बाबूला शिटी आवडत नसे. कॅम्पात शिटी वाजली की रांग लावावी लागे. म्हणून त्यानं नियम केला. चेंडू बाहेर जाण्याआधी ज्याला शेवटचा लागला, त्यानं स्वतः हात वर करायचा. दुसऱ्यानं बोट दाखवायचं नाही. हात वर होईपर्यंत खेळ थांबलेला.

एकदा असा खेळ थांबला. चेंडू धुऱ्याशी पडलेला, चौदा जण उभे, कुणाचा हात वर नाही. बाबू कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत राहिला, जणू त्याला रात्र झाली तरी चालणार होतं. ऊन चिंचेच्या झाडापर्यंत उतरलं. शेवटी ताराचंदनं हात वर केला. त्याच्या घोट्याला चेंडू पुसट लागला होता. त्याला वाटलं होतं कुणाला दिसलं नसेल. खरंच कुणाला दिसलं नव्हतं.

 बाबूनं चेंडू समोरच्या बाजूला दिला आणि खेळ सुरू झाला.


पाच एकर

जमीन, घर, मासळीसाठी बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि आजूबाजूला सगळे बंगाली बोलणारे. पूर्वेला अर्जुनीच्या बाजूला कॅम्पातल्या कुटुंबांना सरकारनं जमिनी दिल्या होत्या. बाबूचा चुलतभाऊ त्याला न्यायला आला, कागदपत्रं घेऊनच. बाबूनं त्याला एकच विचारलं, तिथं मैदान आहे का? भाऊ चिडला. म्हणाला, जमीन आहे, लग्न कर, माणूस हो, मग मैदान कर.

बाबू गेला. आंधळगावात सगळे धरून चालले की गेला तो गेला. आठ दिवसांनी तो सुक्या मासळीचं गाठोडं घेऊन परत आला आणि सव्वाचारला बांधीत उतरला. गाठोड्याचा वास महिनाभर मिलच्या खोलीत राहिला. पोरं नाक धरून त्याला विचारत, बाबू, जमीन सडली काय? बाबू हसे. जमीन कुणाच्या नावावर झाली हे त्यानं कधी सांगितलं नाही.

तो स्वतः खेळायचा तो १९८१ पर्यंत. मग दम पुरेना. दहा वर्षं धानाच्या कोंड्याची धूळ आत जाऊन बसली होती. त्यानंतर तो पश्चिमेच्या धुऱ्यावर एका ठरलेल्या जागी बसे आणि हातांनी खेळवी, कारण आवाज पोचत नव्हता. उजवा तळवा खाली म्हणजे हळू. दोन बोटं म्हणजे तिकडं दे. त्याच्या बसण्यानं धुरा तिथं खोलगट झाला होता.

पुढच्याच वर्षी भंडाऱ्याला त्याची पोरं फायनलला पोचली. एक-एक गोल असताना चेंडू बाहेर गेला, रेफरीनं तो आंधळगावला दिला, आणि गोपीचंदनं हात वर केला. रेफरीला कळेना की याला काय हवंय. गोपीचंदनं सांगितलं की शेवटचा त्यालाच लागलाय. लोक याही वेळी हसले, पण थोडेच. चेंडू तिकडं गेला, त्यातूनच गोल झाला, आंधळगाव हरलं. कामासाठी भंडाऱ्याला गेलेल्या गोमाजीनं ते पाहिलं होतं. पुढं मरेपर्यंत तो ही गोष्ट अशी सांगे की ऐकणाऱ्याला वाटे, जिंकले.


मरेपर्यंत म्हणजे १९८४ च्या वैशाखापर्यंत

बापामागं वाटणीचं भांडण बैलजोडीवरून सुरू झालं, असं दोघं भाऊ सांगतात. जोडी वाटता येत नाही. एकेक बैल घेऊन दोघंही अडतात. मग त्यावरून ते घरावर गेलं, घरावरून बायकांवर, आणि तिथून परत यायला वाट नसते. गावातल्या चार जणांनी सुचवलं की मोठी बांधी एकानं घ्यावी, वरच्या दोन दुसऱ्यानं. गोपीचंद म्हणाला, कोणतीही द्या.

ताराचंद अडला. तलावाचं पाणी आधी मोठ्या बांधीला लागतं. ती सोडायची नाही, आणि तिच्यापायी वरच्या दोन भावाला पुऱ्या द्यायच्याही नाहीत. मधून करा, तो म्हणाला.

मधून करा हे त्यानं म्हटलं होतं. पुढं गावात कुणी दोघा भावांनी वाटणी केली असं बोललं की ताराचंद खाली बघे.

पटवाऱ्यानं साखळी लावली. जेठात दोन्ही बाजूंची माती ओढून धुरा उभा राहिला, तलावाच्या टोकापासून पांदणीच्या, गाडीवाटेच्या, टोकापर्यंत, जिथून बाबू खेळ सुरू करायला चेंडू ठेवायचा त्या जागेवरून. बाबू मिलमधून आला. धाप लागली होती.

"तारा," तो म्हणाला, "मधून?"

"हिस्सा आहे बाबू. हिश्श्यात काय खेल."

बाबूनं मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही. धुऱ्याच्या ताज्या मातीला त्यानं पायाचं बोटसुद्धा लावलं नाही. धुरा दोघांचा असतो आणि तिऱ्हाइताचा कधीच नसतो. खुलन्याच्या माणसालाही एवढं आता कळत होतं.

आश्विनात दोघांनी आपापल्या भागात लाखोरी फेकली. बारा वर्षांत पहिल्यांदा. फेकताना ताराचंदच्या मनात बापाचे दोनच शब्द येत होते, पोरं खेलतीन, आणि प्रत्येक मुठीबरोबर तो स्वतःला सांगत होता की आपल्या भागात नाही फेकली तर पलीकडचा हसेल. धान कापलं. मार्गशीर्ष लागला. एका दुपारी नवी पोरं चेंडू घेऊन आली, मागून बाबू.

ताराचंद खळ्यावरून बघत होता.

बाबूनं चपला काढल्या नाहीत. त्यानं आधी खाली पाहिलं. पोरांना हातानंच थांबवलं. मग पश्चिमेच्या धुऱ्यावर, आपल्या खोलगट जागी जाऊन बसला आणि बोटभर कोंबांकडं बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ताराचंदनं उत्तर तयार ठेवलं होतं.


तलावाच्या पोटात

फाल्गुनानंतर पाणी हटतं आणि भेगाळलेली जमीन उघडी पडते. बाबू पोरांना तिथं नेऊ लागला. जेमतेम तीन महिने. भेगांत घोटे मुरगळत, चुन्याची रेघ भेगांमधून खाली पडून जाई. १९८५ चा उन्हाळा, १९८६ चा उन्हाळा. चेंडू पाण्यात गेला की तो आणायला बाबू स्वतः उतरे, पोरांना जाऊ देत नसे. त्याचा खोकला ताराचंदला घरात ऐकू येई, कारण तलावाचा रस्ता त्याच्या दारावरून होता. बाबू जाता-येता हात वर करून रामराम करी. ताराचंदही करी.

मग १९८७ च्या जानेवारीत, पुसात, भर दिवसा, इंजनाच्या पट्ट्याला तेल देता देता बाबू खाली बसला आणि उठला नाही.


कुणाच्या खांद्यावर

हे कुणी ठरवलं नाही. अर्जुनीला निरोप गेला होता, पण तिकडून माणूस यायला दोन दिवस लागले असते. तिरडी मिलच्या अंगणात बांधली. पंधरा वर्षांत बाबूच्या हाताखालून गेलेली पोरं जमली होती, काहींना मिशा, काहींच्या कडेवर लेकरं. पुढच्या दोन बांबूंशी एका बाजूला ताराचंद उभा राहिला, दुसऱ्या बाजूला बघतो तर गोपीचंद. अडीच वर्षांत दोघं इतक्या जवळ उभे राहिले नव्हते. बाजूला होणं दोघांनाही शक्य होतं. कुणी झालं नाही.

मसणवट तलावाच्या काठी. रस्ता पांदणीनं, वळसा घालून. लोक तिकडं वळणार तोच दोघांची आई, चंद्रभागाबाई, पुढं आली. पोरांच्या वाटणीत ती एक अक्षर बोलली नव्हती.

"बाबूले बांधीतून न्या," ती म्हणाली.

कुणीतरी हळूच म्हणालं, आजी, लाखोरी फुलावर आहे.

"मले दिसून राह्यलं."

बांधीच्या तोंडाशी मधला धुरा सुरू होत होता. हातभर रुंद, त्यावरून एक माणूस चालू शकतो, तिरडी नाही. ताराचंद त्याच्या बाजूनं खाली उतरला, गोपीचंद त्याच्या. धुरा दोघांच्या मधे राहिला आणि बाबू धुऱ्यावर.

लाखोरी पोटरीपर्यंत आली होती, निळी फुलं, वेलासारखे गुंतलेले देठ. सवयीनं ताराचंदनं खाली पाहिलं. पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं ठेवला. मागून आख्खं गाव दोन्ही बाजूंनी उतरलं. देठ पायांत अडकून तुटत होते आणि त्यांचा हिरवा वास येत होता. भावाचा श्वास त्याला ऐकू येत होता. दोघांचं पाऊल एकाच वेळी पडत होतं. पळायला दोघांना एकाच माणसानं शिकवलं होतं. पश्चिमेच्या धुऱ्यावरची खोलगट जागा आली आणि गेली.


आश्विन

ताराचंद लाखोरीची टोपली घेऊन बांधीत गेला. पाणी निघालेलं होतं, चिखल हवा तसा होता. तो तिथं उभा राहिला. मग भरलेली टोपली घेऊन घरी आला. त्याच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, टोपली घेतली आणि आत नेऊन ठेवली. पलीकडं गोपीचंद काय करतो हे बघायला तो एकदाही गेला नाही.

धान कापल्यावर दिसलं. दोन्ही भागांत नुसती धसकटं, लाखोरी नाही.

धुऱ्यावरून इथं डोकी फुटतात. विचारल्याशिवाय फावडं लावलं तर पंच बसतात. ताराचंदनं विचारलं नाही. एका सकाळी तलावाच्या टोकापासून त्यानं मधला धुरा कापायला घेतला. माती तीन वर्षांत दगडासारखी झाली होती. दुपारपर्यंत तो मध्यावर आला आणि थांबला. तिथून पुढं त्याचा हात चालेना. अर्धा धुरा तसाच ठेवून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धाही नव्हता. कापलेली माती कडेला लहान लहान सारख्या ढिगांत रचली होती. असे ढीग गोपीचंद लहानपणापासून घालतो. मृगाआधी धुरा परत घालायचा, पाणी अडवायला तो लागणारच. ते ढीग त्यासाठीच होते.


सव्वाचार

चुन्याची रेघ धुऱ्यापासून दोन हात आत. जुने सात आणि नवे सात, मग मिसळून. दोघं भाऊ एकमेकांविरुद्ध पडले. अजून एक शब्द नाही. पश्चिमेच्या धुऱ्यावरच्या जागी कुणी बसलं नव्हतं.

गोपीचंद कडेनं चेंडू घेऊन आला. सव्वीस वर्षांचा, थोडा जड झालेला. ताराचंद आडवा गेला. पायात पाय, चेंडू सुटला, रेघ ओलांडून धुऱ्यावर आपटला आणि परत दोघांच्या मधे येऊन थांबला.

पोरं थांबली. हात कुणाचाच वर नव्हता.

नियम मोडून गोपीचंद बोलला. बघत चेंडूकडं होता.

"तुह्या पायाले लागला."

"नाही लागला," ताराचंद म्हणाला.

तीन वर्षांत हेच दोघांचं पहिलं बोलणं.  कमरेवर हात ठेवून गोपीचंद आभाळाकडं बघायला लागला. नवी पोरं आधी एकमेकांकडं, मग तशीच आभाळाकडं बघायला लागली. चौदा माणसं उभी. ऊन धसकटांवरून सरकत होतं. जिथं मधला धुरा होता तिथं मातीचा एक फिकट पट्टा उरला होता आणि ताराचंदचा एक पाय त्या पट्ट्यावर होता. ऊन चिंचेजवळ पोचलं.

ताराचंदनं हात वर केला.

"माह्याकडूनच गेलं," तो म्हणाला.

गोपीचंदनं चेंडू उचलला, धोतराला पुसला, रेघेमागं गेला, आणि दोन्ही हातांनी डोक्यावरून, बाबूनं दाखवला होता तसा, आत टाकला. ताराचंदचा हात अजून वरच होता.